तलावातून घरात पाणी: सबमर्सिबल पंप नीट कसा सोडावा

तलावात सोडलेली चार इंची सबमर्सिबल मोटर पहिल्याच हंगामात जळते, तेव्हा दोष बहुतेक वेळा मोटरचा नसतो. ती बोअरसाठी बनलेली असते. बोअरचा केसिंग पाइप तिला थंड ठेवतो, सरळ उभी धरतो आणि काडीकचरा, मासे, माणसे यांपासून दूर ठेवतो. बोअरचे पाणीही जमिनीतून गाळून आलेले असते. तलावात यातले काहीच आयते मिळत नाही, ते आपल्याला करून द्यावे लागते. खाली लिहिलेले जवळपास सगळे काम त्यासाठीच आहे.

ओपनवेल प्रकारचा आडवा मोनोब्लॉक हा दुसरा पर्याय. तो उघड्या पाण्यासाठीच बनतो आणि त्याला वेगळी स्लीव्ह, म्हणजे मोटरभोवतीचा पाइप, लागत नाही. उंची कमी आणि पाणी जास्त हवे असेल तर तो सोयीचा. घर तलावापासून बरेच उंचावर असेल, नळी लांब असेल आणि रोजची गरज हजार लिटरच्या आसपास असेल, तर अनेक स्टेजचा, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने वर ढकलणारा, चार इंची पंप कमी वीज खातो. पुढची माहिती मुख्यतः त्याची आहे. कोणताही घेतलात तरी मोटर पाणी भरलेली, म्हणजे वॉटर फिल्ड घ्या. तेल भरलेल्या मोटरचे सील गेले की तेल पिण्याच्या पाण्यात उतरते.

जागा आधी, पंप नंतर

होडीतून दोरीला वजन बांधून खोली मोजा. एकाच जागी मोजू नका, काठापासून आत दर पाच मीटरवर मोजत जा. मोजलेली खोली त्या दिवसाची असते. आपल्याला हवी ती वर्षातल्या सर्वांत कमी पाण्याच्या वेळची. काठावरच्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेषा असतात, त्यांवरून आणि तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यांना विचारून पातळी किती उतरते ते काढा आणि तेवढे वजा करा.

पंप जिथून पाणी आत घेतो ते तोंड तळापासून किमान एक मीटर वर हवे आणि सर्वांत कमी पाण्यातही पृष्ठभागापासून दीड मीटर खाली. म्हणजे भर उन्हाळ्यात तीन मीटर पाणी उरेल अशी जागा शोधायची. वरच्या थरात शेवाळ, परागकण, तरंगता तवंग आणि लाटांनी ढवळलेली माती असते. तळाशी गाळ असतो. खूप खोल गेलात म्हणजे चांगलेच पाणी मिळेल, असेही नाही. खोल तलावात उन्हाळ्यात ऊन पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर पडतात. खालच्या थरातला प्राणवायू संपला की गाळातले लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि टाकीत आल्यावर तेच लोह तांबूस होऊन बसते. ऋतू बदलताना हे थर एकमेकांत मिसळतात. तेव्हा दोन-तीन आठवडे सगळ्याच तलावाचे पाणी गढूळ आणि वासाचे होऊ शकते. घरात तेवढ्या काळापुरता साठा किंवा दुसरी सोय असावी.

ओढा किंवा गटार तलावाला मिळते त्या तोंडापासून लांब राहा. जनावरे धुण्याची, कपडे धुण्याची, पोहण्याची, होड्या लावण्याची जागा टाळा. वारा बहुतेक वेळा ज्या काठाकडे वाहतो तिकडे तवंग आणि हिरवी साय साचते, तो काठही नको. आणि पाणी उचलायची परवानगी ज्यांच्याकडून घ्यायची असेल त्यांच्याकडून ती नळी टाकण्याआधी लेखी घ्या.

काठाची जमीन वाळूची किंवा मुरमाड असेल, तर तलावात पंप सोडण्याआधी एका गोष्टीचा विचार जरूर करा: काठापासून थोडे आत विहीर खणायची आणि पंप तिच्यात सोडायचा. पाणी वाळूतून झिरपून येते, शेवाळ आणि कचरा बाहेरच राहतो, केबल लोकांच्या अंगाशी येत नाही. खर्च सुरुवातीला जास्त, पण पुढची निम्मी डोकेदुखी जाते. चिकणमातीत मात्र पाणी पुरेसे झिरपत नाही.

किती पाणी, किती हेड

माणशी दिवसाला १०० ते १५० लिटर धरले तर पाच जणांच्या घराला ५०० ते ७५० लिटर लागतात. मिनिटाला ३० लिटर देणारा पंप हे काम २५ मिनिटांत करतो. याहून मोठा पंप घेण्यात शहाणपणा नाही. मोठा पंप जाळीतून जास्त जोराने पाणी खेचतो आणि त्याबरोबर कचराही.

हेड म्हणजे पंपाला पाणी किती मीटर उंच ढकलावे लागते तो आकडा. तो मोजताना हमखास चूक होते ती पंपाच्या खोलीवरून मोजण्याची. पंप पाण्यात किती खोल आहे याने हेड वाढत नाही. तलावाच्या सर्वांत खालच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजा. त्यात नळीतले घर्षण मिळवा, आणि फिल्टर, व्हॉल्व्ह, वळणे यांचे तीन ते पाच मीटर.

घर्षणाचा आकडा नळीच्या जाडीवर ठरतो. मिनिटाला ३० लिटर पाणी २५ मिलिमीटर एचडीपीई (काळ्या प्लास्टिकच्या) नळीतून नेले तर दर १०० मीटरला १२ ते १५ मीटर हेड वाया जाते. ३२ मिलिमीटरमध्ये साधारण ४ मीटर. ४० मिलिमीटरमध्ये सव्वा-दीड मीटर. नळीचे हे माप बाहेरून असते, त्यामुळे भिंत जाड असलेल्या नळीत घर्षण थोडे जास्त येते.

उदाहरण घेऊ. उभी उंची १८ मीटर, नळी १२० मीटर, ३२ मिलिमीटर. घर्षण सुमारे ५ मीटर, बाकीचे ५ मीटर. एकूण २८ मीटर. आता पंपाच्या तक्त्यात २८ ते ३० मीटरला मिनिटाला ३० लिटर देणारा नग शोधा. हे काम अर्ध्या एचपीत होते. तक्त्यातला हा बिंदू पंपाच्या कामाच्या पट्ट्याच्या मधोमध यावा. ६० मीटरचा पंप २८ मीटरवर लावला तर तो प्रमाणाबाहेर पाणी फेकतो, इंपेलर, म्हणजे आतल्या फिरत्या चकत्या, वर उचलले जाऊन घासतात आणि स्टेज लवकर झिजतात. असा पंप आधीच हाताशी असेल तर काठावरच्या गेट व्हॉल्व्हने पाणी दाबून ठेवा.

वर टाकी नसेल आणि प्रेशर टाकीवर, म्हणजे आतल्या हवेच्या दाबाने पाणी देणाऱ्या बंद टाकीवर, घर चालवायचे असेल तर हिशेब बदलतो. साडेतीन किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबासाठी आणखी ३५ मीटर हेड लागते. टाकी अशी हवी की पंप एकदा सुरू झाला की किमान एक मिनिट चालेल. १०० लिटरच्या टाकीत, पंप २ किलोला सुरू आणि साडेतीनला बंद होत असेल आणि टाकीतली हवा १.८ किलोला भरलेली असेल, तर प्रत्येक फेरीत सुमारे ३० लिटर पाणी मिळते. म्हणजे जेमतेम पुरते. जिथे वर टाकी ठेवता येते तिथे तीच ठेवावी. मोटर दिवसातून एक-दोनदाच सुरू होते आणि वीज गेली तरी नळाला पाणी राहते.

नळी शक्यतो एकसंध गुंडाळी घ्या, पाण्याखाली जोड नको. दाबाची प्रत ठरवताना पंपाचे शट-ऑफ हेड पाहा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना पंप किती दाब देतो तो आकडा. तो ५० मीटर असेल तर नळीवर ५ किलो येतात. १० किलोच्या प्रतीची नळी घेतली की पाणी आपटण्याचे धक्केही पचतात. काळी एचडीपीई उन्हात टिकते. पांढरी पीव्हीसी उघड्यावर ठिसूळ होते.

स्लीव्ह: सगळ्यांत महत्त्वाचा भाग

चार इंची पंपात मोटर सर्वांत खाली, तिच्यावर पाणी घेण्याची जाळी, तिच्यावर स्टेज. बोअरमध्ये पाणी खालून वर येताना मोटरच्या अंगावरून वाहते आणि तिची उष्णता घेऊन जाते. उघड्या तलावात पाणी चारही बाजूंनी थेट जाळीत शिरते आणि मोटरभोवतीचे पाणी जागच्या जागी उभे राहते. मोटर चहूबाजूंनी पाण्यात असूनही तापते. चार इंची मोटरला अंगावरून सेकंदाला किमान ८ सेंटिमीटर वेगाने पाणी वाहते हवे.

त्यासाठी मोटर एका पीव्हीसी पाइपात घालायची. १२५ मिलिमीटरचा पाइप घ्या, आतून तो साधारण ११७ असतो. मोटरचा व्यास ९६ मिलिमीटर धरला तर मिनिटाला ३० लिटरला मधल्या फटीतून सेकंदाला सुमारे १४ सेंटिमीटर वेग मिळतो. छान काम होते. १६० मिलिमीटरचा पाइप वापरलात तर वेग ५ सेंटिमीटरच्याही खाली जातो, म्हणजे स्लीव्ह आहे पण उपयोग नाही. ११० चा पाइप वेगाच्या दृष्टीने आणखी चांगला, पण केबल आणि केबल गार्ड त्यात अनेकदा मावत नाहीत.

पाइपाचे वरचे तोंड पंपाच्या जाळीच्या वर, पंपाच्या अंगाभोवती बंद करायचे. रबराची जाड पट्टी गुंडाळा, पाइपाच्या कडेला चिरा देऊन स्टीलची होज क्लिप आवळा. केबल जिथून बाहेर येते तिथे खाच पाडून तीही रबराने भरा. इथे बोटभर फट राहिली तरी पाणी सोपी वाट धरते आणि मोटरवरून जात नाही. फक्त ३ मिलिमीटरचे एक छिद्र अगदी वर ठेवा, त्यातून पंप बुडवताना अडकलेली हवा निघून जाते.

खालच्या बाजूला पाइप मोटरच्या टोकापुढे दहा सेंटिमीटर कोरा ठेवा आणि त्याच्या पुढच्या ४५ सेंटिमीटरला छिद्रे पाडा. १० मिलिमीटरची छिद्रे, एका वेढ्यात बारा, दोन वेढ्यांत अडीच सेंटिमीटर अंतर, असे सतरा वेढे. साधारण दोनशे छिद्रे होतात आणि १६० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा मिळते. पाण्याचा वेग छिद्रांशी सेकंदाला ३ सेंटिमीटर राहतो. निम्मी छिद्रे बुजली तरी ६. एवढ्या मंद ओढीत पाने चिकटून बसत नाहीत आणि मासे सहज सुटतात. टोकाला एंड कॅप लावा. छिद्रांच्या कडा आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करा.

छिद्रे मोटरच्या उंचीला अजिबात पाडू नका. पाणी जास्त यावे म्हणून पूर्ण पाइपाला छिद्रे पाडण्याची चूक फार होते. त्या क्षणी तो पाइप स्लीव्ह राहत नाही, नुसता पिंजरा होतो आणि मोटर पुन्हा उभ्या पाण्यात येते. बाहेरून मच्छरदाणीची बारीक जाळी गुंडाळणेही टाळा. ती शेवाळाने आठवड्यात लिंपते. तलावात जाळी भरड, बारीक गाळणी जमिनीवर, जिथे हात पोचतो.

मोटर पाइपात मधोमध राहिली पाहिजे. एका बाजूला टेकली तर तिथे पाणी वाहत नाही. वर आणि खाली तीन-तीन ठिकाणी रबराचे ठोकळे किंवा नायलॉनचे बोल्ट द्या.

स्टँड आणि नळीची वजने

पंप नळीला लटकवायचा नाही आणि गाळावर टेकवायचाही नाही. गाळात रुतलेली मोटर गोधडीत गुंडाळल्यासारखी तापते. गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचा स्टँड करा, पाया एक मीटर बाय एक मीटर, म्हणजे तो मऊ तळात खचत नाही. पायाला काँक्रीटच्या लाद्या बोल्टने बसवा. पंप आडवा ठेवायचा असेल तर बनवणाऱ्याच्या पत्रकात आडवे बसवणे चालते का ते आधी पाहा. चालत असेल तर डिलिव्हरीचे तोंड मोटरपेक्षा थोडे उंच ठेवा. मोटर पंपाच्या वर कधीही येता कामा नये. दोन ठिकाणी रबर लावलेले क्लॅम्प हवेत, कारण सुरू होताना मोटर झटका देऊन फिरू पाहते.

स्टँडच्या चारही कोपऱ्यांना १२ मिलिमीटरचा नायलॉन दोर बांधून एका कडीत आणा. हाच दोर पंप वर काढायचा. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि होडीच्या पंख्यात अडकतो, तो नको. खुणेसाठी ठळक रंगाचा तरंगता डबा लावा.

एचडीपीई नळी पाण्याहून हलकी असते. आत हवा असेल तर ३२ मिलिमीटरची नळी दर मीटरला साधारण अर्धा किलो वर उचलते, ४० ची पाऊण किलोहून जास्त. काँक्रीटचे वजन पाण्यात कमी भरते: दहा किलोचा ठोकळा पाण्यात सहा किलोच्या आसपास. तेव्हा ३२ च्या नळीला दर तीन मीटरवर चार-पाच किलोचा ठोकळा पुरतो. ठोकळा तारेने करकचून बांधू नका, तार लाटांबरोबर घासून नळी कापते. रबराचा तुकडा मध्ये घालून पट्टीने बांधा.

काठाशी लाटा फुटतात तो पट्टा सर्वांत धोक्याचा. तिथे नळी आणि केबल अर्धा ते पाऊण मीटर खोल चरात पुरा, केबल वेगळ्या जाड पाइपातून न्या. पाणी गोठते अशा ठिकाणी हा चर दंवाच्या खोलीखाली हवा आणि नळी बर्फाच्या थराखालून तलावात शिरली पाहिजे. पंपापासून टाकीपर्यंत नळी शक्यतो सतत चढती ठेवा. मध्येच उंचवटा आला तर तिथे हवा अडकते आणि पाणी निम्मे येते. उंचवटा टाळता येत नसेल तर माथ्यावर एअर व्हॉल्व्ह लावा.

बहुतेक पंपांच्या पाणी बाहेर सोडण्याच्या तोंडात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो. नसेल तर लगेच वर एक बसवा. तो नसताना पंप बंद झाला की नळीतले सगळे पाणी मागे धावते, इंपेलर उलटे फिरतात, आणि त्याच क्षणी वीज परत आली तर शाफ्ट तुटतो. लांब चढावर काठाला दुसरा व्हॉल्व्ह उपयोगी पडतो, मात्र पहिला व्हॉल्व्ह चालू स्थितीत असेल तरच. पहिला गळत असेल तर दोघांमध्ये पोकळी होते आणि पुढच्या वेळी पाणी हातोड्यासारखे आपटते.

केबल आणि विजेची सुरक्षितता

बोअरमधली गळती केबल एमसीबी पाडते किंवा मोटर जाळते. तलावातली गळती केबल माणूस मारू शकते. एमसीबी जादा करंटला पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या दृष्टीने नगण्य असतो, त्याला तो ओळखत नाही. म्हणून पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, लागतोच, त्याला पर्याय नाही. महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबा. बटण दाबून तो पडला नाही तर बदलेपर्यंत पंप बंद ठेवा.

मोटरच्या अंगापासून अर्थिंगची स्वतंत्र तार पॅनेलपर्यंत आणा आणि लोखंडी स्टँडही तिला जोडा. पोहणारी मुले तिकडे येत असतील तर जागा बदला. पॅनेलवर कुलूप लागणारा मेन स्विच हवा. कोणीही पाण्यात उतरण्याआधी तो बंद करून किल्ली त्याच माणसाच्या खिशात गेली पाहिजे. ही जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

केबलची जाडी लांबीवर ठरते. सिंगल फेज २३० व्होल्टवर अर्धा एचपी मोटर साधारण साडेचार अँपिअर घेते. केबल १५० मीटर असेल तर दीड चौरस मिलिमीटर तांब्यात १६ व्होल्ट, म्हणजे सात टक्के पडतात. अडीच चौरस मिलिमीटरमध्ये १० व्होल्ट, साडेचार टक्क्यांच्या आत. पाच टक्क्यांपेक्षा जास्त पडू देऊ नका. एक एचपीची मोटर साडेसात अँपिअर घेत असेल तर याच लांबीला चार चौरस मिलिमीटर लागते. बारीक केबलवर मोटर सुरू होताना गुरगुरते, उठत नाही, आणि कपॅसिटर व वाइंडिंग तापतात.

पाण्याखाली एकही जोड नसेल अशी अखंड केबल घ्या. मोटरच्या शेपटाशी एक जोड करावाच लागतो. तो डिंक असलेल्या हीट श्रिंक नळीने किंवा आपोआप एकजीव होणाऱ्या रबर टेपने करा, प्रत्येक तारेचा वेगळा आणि वरून सगळ्यांचा एकत्र. नुसती पीव्हीसी टेप पाण्यात महिनाही टिकत नाही. जोड बादलीतल्या पाण्यात रात्रभर बुडवून सकाळी पॅनेलपासून सोडवलेल्या केबलवर ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याचे यंत्र, लावा. तारांच्या रंगांवर विसंबू नका. रन, स्टार्ट आणि कॉमन कोणती ते पॅनेलवरच्या आकृतीवरून आणि ओहम मोजून ठरवा. या तीन तारा अदलाबदल झाल्या तर स्टार्ट वाइंडिंग काही मिनिटांत जळते.

केबल नळीला दर दीड-दोन मीटरवर बांधा, थोडी सैल ठेवून. नळी ताणली जाते, केबल ताणली जाऊ नये. आणि पंप केबलला धरून कधीही उचलू नका.

पंप बुडवणे

वारा नसलेली सकाळ निवडा. दोन होड्या किंवा एक रुंद तराफा, तीन माणसे, सगळ्यांना लाइफ जॅकेट. मोटरमधले पाणी तपासा, कमी असेल तर प्लग काढून स्वच्छ पाणी भरा. बुडबुडे थांबेपर्यंत मोटर हलवत राहा.

नळी दोन्ही टोके बंद करून हवेसकट तरंगत ओढून न्या, ठोकळे बांधलेले असतानाच. यासाठी ठोकळ्यांचे पाण्यातले एकूण वजन नळीच्या उचलण्याच्या ताकदीपेक्षा थोडे कमी लागते. जास्त असेल तर जागोजाग रिकामे डबे बांधा आणि नंतर सोडवा. जागेवर आल्यावर नळी पंपाला जोडा आणि स्टँड दोराने हळूहळू खाली सोडा. स्लीव्ह एका अंगाला कलती धरा, हवा निघू द्या. मग काठाकडचे टोक उघडून हवा सावकाश सोडा. नळी पंपाकडून काठाकडे बुडत येते. घाई केली तर ती मध्येच दुमडते, आणि दुमडलेली एचडीपीई पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

मोटर खाली पोचल्यावर पुन्हा मेगर करा. केबलसह पाण्यात २ मेगाओहमपेक्षा जास्त यायला हवे. नव्या मोटरला बरेच जास्त येते.

पहिली सुरुवात

गेट व्हॉल्व्ह एक तृतीयांश उघडा ठेवून मोटर चालू करा. रिकाम्या नळीवर पूर्ण उघड्या व्हॉल्व्हने सुरू केले तर इंपेलर वर उचलले जातात. पूर्ण बंद व्हॉल्व्हवरही मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. पाणी आले की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. पहिले गढूळ पाणी टाकीत घेऊ नका, बाहेर सोडा, निवळेपर्यंत.

आता चार आकडे लिहून पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा: व्होल्ट, अँपिअर, मोजलेल्या बादलीवरून मिनिटाला लिटर, आणि व्हॉल्व्ह काही सेकंद बंद करून प्रेशर गेजवर दिसलेला दाब. पुढे काही बिघडले की हेच आकडे कामाला येतात.

हे पाणी पिण्याआधी

तलावाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते तसेच पिऊ नये. पाळीव आणि जंगली जनावरांची विष्ठा प्रत्येक पावसात त्यात येते. वर्षातून किमान दोनदा, त्यातले एकदा पाऊस सुरू झाल्यावर, प्रयोगशाळेत कोलिफॉर्म (विष्ठेची खूण देणारे जिवाणू), गढूळपणा, नायट्रेट आणि लोह तपासून घ्या.

काठावर किंवा घराजवळ आधी १०० ते १५० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर, मग वाळूचा फिल्टर, मग ५ मायक्रॉनचा काडतूस फिल्टर. त्यानंतर निर्जंतुकीकरण. हा क्रम उलटा चालत नाही. यूव्ही, म्हणजे अतिनील, दिव्याचा प्रकाश गढूळ पाण्यातून आरपार जात नाही आणि जंतू मातीच्या कणांच्या सावलीत वाचतात. क्लोरिन जिवाणू मारतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर त्याचा परिणाम होत नाही. त्याला यूव्ही किंवा उकळणे लागते. म्हणून पिण्याच्या नळाला यूव्ही आणि टाकीला थोडा क्लोरिन, ही जोडी चांगली.

१००० लिटरला २५ टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, ८ ग्रॅम घेतली की लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरिन होतो. पावडर थेट टाकीत टाकू नका. मग्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत ओता. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपवर, म्हणजे क्लोरिन मोजण्याच्या साधनावर, लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम यायला हवे. जुनी, ओलसर पावडर निम्मी ताकद गमावून बसलेली असते, त्यामुळे आकडा येत नसेल तर आधी पावडरवर शंका घ्या.

पावसाळ्यात तुरटी लागते. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. एकेक लिटरच्या चार बाटल्यांत तलावाचे पाणी घेऊन त्यांत हे द्रावण २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटे हळू ढवळा आणि अर्धा तास ठेवा. सर्वांत कमी मात्रेत जी बाटली निवळली तिचा आकडा घ्या. ३ मिलिलिटरची निवळली तर १००० लिटरला ३० ग्रॅम. हा प्रयोग प्रत्येक मोठ्या पावसानंतर नव्याने करावा लागतो.

पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला, मटारच्या रसासारखे पाणी झाले, तर पंप बंद करा. हे सायनोबॅक्टेरिया असू शकतात. त्यांचे विष उकळून जात नाही. उलट उकळल्याने किंवा क्लोरिन टाकल्याने पेशी फुटून विष पाण्यात सुटते. तवंग गेल्यावरही तपासणी होईपर्यंत ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका.

तलावाची लाइन आणि नळयोजनेची लाइन एकमेकांना कधीही जोडू नका, मध्ये व्हॉल्व्ह असला तरी. दोन्ही पाणी हवे असेल तर वेगळ्या टाक्या ठेवा.

बिघाड कुठे आहे ते कसे ओळखावे

पाणी कमी झाले तर आधी व्हॉल्व्ह काही सेकंद बंद करून दाब बघा. दाब पहिल्याइतकाच असेल तर पंप ठीक आहे आणि वाट अडली आहे: स्लीव्हची छिद्रे बुजली, नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये काडी अडकली किंवा घराकडचा फिल्टर भरला. फिल्टरच्या आधी आणि नंतर गेज असेल तर तो लगेच सापडतो. दाबच कमी असेल तर वाळूने इंपेलर झिजले आहेत किंवा पाण्याखाली नळी गळते. मोटर बंद केल्यावर गेजचा काटा स्थिर राहिला तर इंपेलर, पडत गेला तर गळती किंवा व्हॉल्व्ह.

अँपिअर नेहमीपेक्षा कमी आणि पाणीही कमी, म्हणजे पंपाला पाणी मिळत नाही. अँपिअर जास्त, म्हणजे व्होल्टेज कमी आहे किंवा आत काही अडकले आहे. मोटर गुरगुरते पण फिरत नाही, तर आधी स्टार्ट कपॅसिटर बदलून पाहा. हा भाग काठावर असतो आणि मोटरपेक्षा आधी जातो. थ्री फेज पंप नवीन जोडणीनंतर कमी पाणी देत असेल तर तो उलटा फिरतो आहे, दोन फेज अदलाबदल करा.

मोटर काही मिनिटे चालून ओव्हरलोडवर पडते, गार झाल्यावर पुन्हा चालते, पुन्हा पडते. अशा वेळी ओव्हरलोड रिलेची मर्यादा वाढवून ठेवण्याचा मोह आवरा. स्लीव्हचे वरचे तोंड सुटले आहे, छिद्रे बुजली आहेत किंवा स्टँड गाळात खचला आहे. पंप वर काढूनच बघावे लागते.

आरसीसीबी पडत असेल तर तो काढून थेट जोडणी करू नका. लाइन बंद करा, पॅनेल वेगळे करा, मेगर लावा. आकडा दर सहा महिन्यांनी त्याच दारावरच्या कागदावर लिहीत गेलात तर २० वरून ८, ८ वरून ३ असा घसरताना दिसतो. तो १ मेगाओहमच्या खाली जायची वाट न पाहता, पाणी कमी आणि तलाव शांत असतानाच पंप वर काढा, मोटरशेजारचा जोड कापून नवा करा आणि पुन्हा मोजा. आकडा तरीही वर आला नाही, तर मोटर वाइंडिंगला द्यायची वेळ आली आहे.